दोन भिंती, एक बाकडं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत, डिसेंबर २०२५)



१५ जानेवारीला महापालिकेचं मतदान आहे, आचारसंहिता लागलीय. त्यामुळं आज मी कुणाचं चिन्ह सांगणार नाही. मी पेंटर. आयुष्यभर दुसऱ्यांचीच चिन्हं रंगवली.

आपलं कोल्हापूर १९७२ साली महापालिका झालं, पहिली निवडणूक १९७८ ला. तेव्हापासून आजवर महापौर व्हायला मत मागत कुणी माझ्या दारात आलेलं नाही. येणार कसं? महापौर नगरसेवक निवडतात. आपल्या गल्लीत प्रचार असतो तो नगरसेवकाचा. तालमीत बैठक, रात्री तांबडा-पांढरा, सकाळी पदयात्रा. महापौरपदाचा खरा प्रचार निकालानंतर सुरू होतो आणि तो सहलीच्या गाडीत चालतो. मुदत अडीच वर्षांची. पण आपल्याकडं ती आपसांत वाटून घेतात. २०१५ च्या सभागृहात अश्विनी रामाणेंपासून निलोफर आजरेकरांपर्यंत पाच वर्षांत सात-आठ महापौर झाले. बोर्डावरचं नाव बदलायचं काम पेंटरला मिळतं, म्हणून मी तक्रार करत नाही.

तर मूळ गोष्ट. एकदा आपल्याच वर्गातले, एकाच बाकड्यावरचे दोघं एका प्रभागात समोरासमोर उभे राहिले. एकाला कपबशी, दुसऱ्याला नारळ. दोघंही माझ्याकडं आले. नाही कुणाला म्हणू? दिवसा एकाच्या भिंतीवर चुना मारून अक्षरं काढायची, रात्री बॅटरीच्या उजेडात दुसऱ्याची. दोघांनाही वाटायचं, मी त्याचाच. कपबशीचा कान एकदा चुकला तर पहिला म्हणाला, 'त्यानं पैसे दिले काय रे?' हसत म्हणाला, पण विचारलंच.

निकाल लागला. हरलेला दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आला, चहा न घेता सगळा हिशेब चुकता केला. जिंकलेला तोवर सहलीला गेलेला. फोन बंद. त्याच आठवड्यात आमच्या बोळातली गटार तुंबून घराघरांत पाणी शिरलं. बायका त्याच्या दारात गेल्या, तर त्याची आईच बादली घेऊन पाणी काढत होती. परत आल्यावर त्यानं गटार काढून दिली, माझे पैसेही दिले. पण त्या म्हातारीपुढं त्याला मान वर करता आली नाही, हे मी पाहिलंय.

नोव्हेंबर २०२० पासून तर नगरसेवकच नाही, प्रशासक आहेत. पाच वर्षं गटारीसाठी अर्ज घेऊन कार्यालयात जातोय. निदान आईच्या दारात जाता येत होतं, असं वाटायला लागलंय! आता बहुतेक प्रभाग चौघा-चौघांचे झालेत. चौघांतला कुणाच्या दारात जायचं, बघू.

ते दोघं त्या निवडणुकीपासून बोलत नाहीत. आज दोघंही आलेत, एक दुसऱ्या रांगेत, एक पार मागं. संयोजकांना मी सांगून ठेवलंय, पंगतीत तीन पानं शेजारी-शेजारी मांडा. मधलं माझं.