घोडी आपली, ट्रक आपला. तरी पाटी पिवळीच!



१८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींचा आपल्या राज्याचा कायदा कायम ठेवला आणि पुणे जिल्ह्यात गाड्यापुढं पळणाऱ्या घोडीला पुन्हा मोल आलं. घोडी घाटात न्यायची, अकलूजच्या बाजाराला जायचं, तर दर वेळी भाड्याचा टेम्पो शोधावा लागतो. मग हडपसर, मांजरी, फुरसुंगीकडचा एखादा शेतकरी म्हणतो, "आपलाच एक ट्रक घेऊन टाकू." विचार चांगला आहे. पण व्यवहार करण्याआधी चार गोष्टी नीट ध्यानात घ्या.

पहिली गोष्ट नोंदणीची. ट्रक माझा, घोडी माझी, भाडं मी घेत नाही, म्हणजे ही खाजगी गाडी, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'माल' या शब्दात जनावरंही येतात. त्यामुळं घरची घोडी नेणारा ट्रकसुद्धा मालवाहू वाहनच ठरतो. त्याला पिवळी पाटी आणि काळी अक्षरं हवीत, योग्यता प्रमाणपत्र हवं. भारासह एकूण वजन ३,००० किलोच्या वर असेल तर परवानाही हवा. योग्यता प्रमाणपत्र गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढं दर वर्षी घ्यावं लागतं. जुना ट्रक घेताना हा खर्च हिशेबात धरा. घेतल्यावर ३० दिवसांच्या आत तो आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्या. हडपसरकरांचं हे काम पुण्याच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात, म्हणजे आपल्या नेहमीच्या आरटीओत होतं.

दुसरी गोष्ट, ट्रक केवढा घ्यावा? मोटार वाहन नियमांप्रमाणे १ जानेवारी २०१६ पासून जनावरांच्या गाडीत प्रत्येक जनावराला कायमचा वेगळा कप्पा लागतो. घोड्याचा कप्पा निदान सव्वादोन चौरस मीटरचा हवा. चार घोड्यांना नऊ चौरस मीटर, म्हणजे चौदा फूट लांब आणि सात फूट रुंद हौदा झाला. कप्प्यांच्या फळ्यांची जाडी धरून थोडा जास्तच. चार घोड्यांचं वजन मात्र दीड-पावणेदोन टनांच्या आसपासच भरतं. तेव्हा आपल्याला जागा हवी, टनाची ताकद नको. दहा चाकी धूड दारात उभं करून हप्ते भरत बसू नका. आणि कप्पे बसवलेल्या गाडीत परतीच्या वाटेवर खताची पोती टाकू नका. जनावरांच्या गाडीत दुसरा माल न्यायला नियमानं मनाई आहे. कप्पे करून घेतल्यावर आरटीओकडून तशी खास परवानगीही घ्यायची असते.

तिसरी गोष्ट लायसनची. त्या दिवशी किती माल भरला, यावर लायसन ठरत नाही. गाडीच्या कागदावर भारासह एकूण वजन किती लिहिलंय, ते बघा. ७,५०० किलोपर्यंत हलक्या वाहनाचं लायसन चालतं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ रोजी तसा निर्णय दिला आहे. त्याच्या वर गेलात की परिवहन वाहनाचं वेगळं लायसन काढावं लागतं. त्यासाठी वय वीस पूर्ण हवं आणि हलक्या वाहनाचं लायसन निदान वर्षभर हातात असावं लागतं. "पोरगं ट्रॅक्टर चालवतंय, ट्रकही चालवील," असं म्हणून चावी देऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी आधी लायसन आणि परवाना बघते. कागद चुकीचा निघाला, तर समोरच्याची भरपाई तुमच्या सातबाऱ्यावर येऊ शकते. विमा घेताना 'फक्त स्वतःच्या मालासाठी' असा घेतला असेल, तर शेजाऱ्याची घोडी पैसे घेऊन नेऊ नका.

चौथी गोष्ट मुक्या जिवाची. निघण्याआधी पशुवैद्यकाकडून घोडी प्रवासाला योग्य असल्याचा दाखला घ्या. १९७८ च्या जनावर वाहतूक नियमांत तो सांगितला आहे. चारा-पाणी देऊनच चढवा. हौद्यात पेंढा अंथरा, फळीत वर आलेला खिळा आधी ठोकून घ्या. खिळ्याच्या जखमेतून घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. त्याची लस वेळेवर टोचून घेतलेली बरी. गाभण घोडी आणि शिंगरू इतरांत मिसळू नका. मोतद्दार बरोबर हवाच.

चालवताना एवढंच आठवा की पोतं पडून राहतं, घोडी उभी असते आणि तिला धरायला हात नाहीत. तुम्ही कचकन ब्रेक मारला की ती गुडघ्यावर येते. दिवे घाट उतरताना खालचा गिअर टाका, वळणाच्या आधीच वेग कमी करा. शहरात जड वाहनांना काही वेळा बंदी असते. ती वेळ विचारून, पहाटेच्या गारव्यात निघालेलं उत्तम.

थोडक्यात सांगायचं तर आधी हौदा मोजा, मग कागदावरचं वजन वाचा, मग लायसन बघा, आणि शेवटी पैसे मोजा. क्रम उलटा झाला, तर ट्रक दारात आणि घोडी ठाणावर, दोन्ही उभीच राहतील.