रूप आणि तृष्णा



वैशालीच्या आम्रपालीने आपल्या केसांचे, डोळ्यांचे, दातांचे वार्धक्याने पालटलेले रूप ‘थेरीगाथे’त निःसंकोच वर्णिले आहे. देह अनित्य, हे बुद्धवचन तिने स्वतःच्या देहावर पडताळले. तथापि बौद्ध विचार शस्त्रक्रियेपेक्षा तीमागील हेतू पाहतो. शत्रूने नाक कापलेल्या कावसजी गाडीवानास पुण्याकडील शस्त्रवैद्याने कपाळाच्या त्वचेचे नवे नाक दिले. १७९४ साली लंडनच्या मासिकाने ती हकीकत छापली. ती करुणा होय. परंतु निरोगी चेहरा केवळ लोकांच्या पसंतीसाठी कापून घेणे, ही तृष्णा.

ती तृष्णा आपणच पेरतो. मुलासाठी स्थळे पाहताना आम्हीही प्रथम वर्णच विचारला होता. त्या मुलीची खाली झुकलेली मान आम्हांस अद्याप आठवते. बंधूंनो, हा प्रश्न यापुढे कोणी विचारू नये, एवढीच प्रार्थना.