विकतचे भय

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील जॅक्सन या गावी ‘ग्रेट अ‍ॅडव्हेंचर’ नावाचे एक विस्तीर्ण करमणूक-उद्यान आहे. १९७४ साली ते उघडले. या उद्यानात २००५ पासून पोलादाची एक अजस्र कमान उभी होती. तिची उंची १३९ मीटर, म्हणजे दिल्लीच्या कुतुबमिनाराच्या जवळजवळ दुप्पट, आणि नाव ‘किंगडा का’. जमिनीवर स्वस्थ उभी असलेली गाडी साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किलोमीटरांचा वेग घेई, सरळ आकाशाकडे चढे आणि माथा ओलांडून तशीच सरळ खाली कोसळे. सारा प्रवास जेमतेम अर्ध्या मिनिटाचा; पण त्या अर्ध्या मिनिटासाठी माणसे तासन् तास रांगेत तिष्ठत. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी सुरुंग लावून ही कमान पाडण्यात आली. वीस वर्षांची ख्याती काही क्षणांत जमीनदोस्त झाली.

करमणूक-उद्यानांच्या वार्ता अशाच असतात. हिवाळ्यात जुना खेळ मोडल्याची वार्ता येते, उन्हाळ्याच्या तोंडावर नवा उभारल्याची, आणि शरद ऋतू लागला की भुताखेतांची. हा सारा पोरखेळ आहे असे म्हणून त्याकडे पाठ फिरवण्याचा मोह सुज्ञ माणसास होतो. परंतु पदरचे पैसे मोडून माणूस स्वतःची गाळण उडवून घेतो, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. येथे जे विकले जाते ते भय, आणि ज्याच्या भरवशावर ते विकत घेतले जाते तो विश्वास. या विश्वासाची कथा भयाच्या कथेइतकी कोणी सांगत नाही.

आपल्याकडील मेळे-जत्रा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ‘मौत का कुआँ’ परिचित असेल. लाकडी फळ्यांच्या त्या खोल गोल विहिरीत, उभ्या भिंतीवरून एखादा पोरगेलासा स्वार मोटारसायकल भरधाव फिरवतो आणि वरच्या कठड्यावरून आपण श्वास रोखून पाहतो. तेथील धोका खरा असतो, पण तो दुसऱ्याच्या जिवाला असतो. रोलर कोस्टरची गंमत नेमकी उलट आहे. तेथे जीव आपला असतो आणि धोका खोटा. निदान तो खोटा असावा, असा करार तिकिटाच्या त्या चिटोऱ्यावर न लिहिता झालेला असतो.

या खेळाचे मूळ रशियात. सेंट पीटर्सबर्गच्या कडाक्याच्या थंडीत लाकडी मनोरे उभारून त्यांच्या उतारावर बर्फ जमवीत आणि लोक त्यावरून घसरत. फ्रेंचांनी ही कल्पना उचलून बर्फाऐवजी चाके आणली. म्हणूनच फ्रेंच भाषेत रोलर कोस्टरला आजही ‘रशियन डोंगर’ म्हणतात. मौज अशी की, रशियन लोक त्यालाच ‘अमेरिकन डोंगर’ म्हणतात. अमेरिकेत १८८४ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथे लामार्कस थॉम्सन याने आपली रुळांवरची गाडी सुरू केली. तिकीट पाच सेंट, वेग ताशी सुमारे दहा किलोमीटर. चांगल्या टांग्याचा घोडा तिला सहज मागे टाकता. तरी लोक तिच्यावर तुटून पडले.

पुढे वेग वाढला, चढ वाढले आणि गाडी रुळावरून उडून जाण्याची भीती खरी ठरू लागली. तेव्हा जॉन मिलर नावाच्या कल्पक अभियंत्याने गाडीच्या चाकांना जोड म्हणून रुळाच्या खालच्या बाजूने फिरणारी चाके बसवली. १९१९ सालच्या त्याच्या या एकस्वाने रूळ वरून व खालून असा जणू मुठीत धरला गेला, आणि मगच पुढचे अचाट चढउतार शक्य झाले. म्हणजे सुरक्षितता आधी आली आणि तिच्या पाठोपाठ भय वाढले.

याहून एक लहानशी गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जुन्या पद्धतीच्या रोलर कोस्टरवर पहिला चढ चढताना खालून ‘खट् खट् खट् खट्’ असा आवाज सतत येतो. त्या आवाजाने बसणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. आता काही खरे नाही असे त्याला वाटते. वस्तुतः तो आवाज गाडीखालच्या एका खिटीचा असतो. चढाच्या दात्यांवर ती एकेक पाऊल टेकत जाते, अशासाठी की साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये. ज्या आवाजाला माणूस भितो, तोच त्याला सांभाळत असतो.

‘किंगडा का’वरही असेच होते. कधी वारा आडवा येई, कधी वेग किंचित कमी पडे, आणि गाडी माथ्यापर्यंत पोचून उलट्या पावली खाली येई. नवख्याला वाटावे की सर्वस्व बुडाले. पण रचणाऱ्यांनी हा प्रसंग आधीच गृहीत धरला होता. रुळांमधून वर उठणाऱ्या धातूच्या पट्ट्या आणि चुंबक यांच्या ओढीने गाडी अलगद थांबे. नित्याचे शौकीन तर अशी फजिती वाट्याला आली म्हणजे स्वतःला भाग्यवान समजत! अनेक उद्यानांत रांगेच्या अगदी शेवटी, गाडीत पाय टाकण्यापूर्वी, धीर सुटलेल्यांना गुपचूप बाहेर पडण्यासाठी एक वाट ठेवलेली असते. तिला तेथील लोक जे थट्टेचे नाव देतात त्याला मराठीत ‘भागूबाईंची वाट’ म्हणता येईल. थट्टा सोडली तर ही वाट फार शहाणपणाची आहे. परत फिरता येते हे ठाऊक असले की पुढे जाण्याचे बळ येते.

आता भुतांकडे वळू. ३१ ऑक्टोबरची रात्र ही हॅलोवीनची. त्या रात्री परलोकाचे दार किलकिले होते आणि मृतात्मे फिरतात, ही प्राचीन केल्टिक समजूत. आपल्याकडेही पितृपक्ष त्याच सुमारास येतो. मात्र आपण पितरांना जेवू घालतो. अमेरिकेत मुलेच भुते होऊन दारोदार मिठाई मागतात. उद्यानांच्या चालकांना यात धर्मापेक्षा पंचांग महत्त्वाचे वाटले. उन्हाळ्याची सुटी संपली, मुले शाळेत गेली, की ही उद्याने ओस पडत. कॅलिफोर्नियातील ‘नॉट्स बेरी फार्म’ या उद्यानाने त्यावर तोड काढली. बेरीच्या मळ्यातून आणि कोंबडीच्या जेवणाच्या खानावळीतून वाढलेल्या या उद्यानात पश्चिमेकडील उजाड वस्त्यांच्या धर्तीवर वसवलेले एक जुने गाव होते. इंग्रजीत अशा निर्मनुष्य गावाला भुतांचे गाव म्हणतात. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये तीन रात्री त्या गावात खरोखरच भुते सोडण्यात आली, म्हणजे रंगवलेली माणसे. गर्दी अशी लोटली की तो वार्षिक उत्सवच झाला. फ्लोरिडातील युनिव्हर्सलच्या उद्यानाने १९९१ मध्ये तोच मार्ग धरला. आज अमेरिकेतील मोठ्या उद्यानांत सप्टेंबरपासूनच या भयरात्री सुरू होतात, आणि ज्या महिन्यांत पूर्वी कुलपे लागत ते आता सुगीचे ठरले आहेत.

या भयगृहांची कला जुनी आहे. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत १८६२ च्या नाताळात जॉन हेन्री पेपर याने एक भूत रंगभूमीवर आणले. तिरप्या धरलेल्या मोठ्या काचेत, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या खाली दडलेल्या नटाचे प्रतिबिंब पडे आणि रंगमंचावर पारदर्शक आकृती चालू लागे. मूळ कल्पना हेन्री डर्क्स याची. नाव मात्र पेपरचे झाले. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये १९६९ साली जो झपाटलेला वाडा उघडला, त्यातील नृत्य करणारी भुते याच काचेच्या करामतीची अपत्ये आहेत. पण शरदातल्या भयगृहांत काचेपेक्षा माणूस मोठा. प्रेक्षकांचे लक्ष एका कोपऱ्यातल्या सांगाड्याकडे ओढायचे आणि दुसऱ्या कोपऱ्यातून नटाने झेप घ्यायची. झेप अर्धा क्षण लवकर झाली तरी फसली, उशिरा झाली तरी फसली. मोठ्या उद्यानांतील या नटांचा एक नियम असतो: प्रेक्षकाला स्पर्श करावयाचा नाही. बोट नाकापर्यंत न्यावे, पण लावू नये. सारी कला त्या दोन बोटांच्या अंतरात असते.

हा अलिखित करार मोडला म्हणजे काय होते, ते पाहण्यासाठी पुन्हा जॅक्सन गावी जावे लागते. जेथे पुढे ‘किंगडा का’ उभी राहिली त्याच उद्यानात त्यापूर्वी एक झपाटलेला किल्ला होता. बाहेरून किल्ला, आत मालमोटारींचे चाकांवरचे डबे एकास एक जोडून केलेली अंधारी भुलभुलैया. डबे चाकांवर असल्यामुळे हे बांधकाम तात्पुरते समजले जाई, आणि तात्पुरते म्हणून कायम इमारतीचे नियम त्याला लागू झाले नाहीत. वर्षामागून वर्षे ते ‘तात्पुरते’ तसेच उभे राहिले. छतातून आपोआप पाणी सोडणाऱ्या तोट्या नव्हत्या, धुराची सूचना देणारी यंत्रणा नव्हती. ११ मे १९८४ रोजी सायंकाळी आत आग लागली. अंधारात कोणी वाट पाहण्यासाठी लायटर पेटवला आणि भिंतीवरच्या फोमच्या गादीने पेट घेतला, असे चौकशीत पुढे आले. आठ मुले-मुली मृत्युमुखी पडली. सारी कोवळ्या वयाची.

त्या किल्ल्याची रचना पाहिली तर अंगावर काटा येतो, तो भुतांचा नव्हे. वळणे मुद्दाम गोंधळात टाकणारी होती, अंधार मुद्दाम दाट केला होता. किंकाळी हाच जेथे खेळाचा भाग, तेथे खरी किंकाळी कोणी ओळखावी? आग विझवण्यास आत गेलेल्या माणसांना ते देह प्रथम जळालेल्या पुतळ्यांसारखे वाटले. पुढे उद्यानाच्या चालक कंपन्यांवर मनुष्यवधाचा खटला झाला. १९८५ मध्ये त्या निर्दोष सुटल्या. न्यायालयाचा निर्णय न्यायालयापाशी. परंतु पाण्याच्या काही नळ्या आणि वाटेवरचे दिवे यांचा खर्च त्या किल्ल्याच्या उत्पन्नापुढे किती असणार होता, हा प्रश्न आईबापांच्या मनातून कोणता निकाल काढून टाकणार?

त्यानंतर अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या नियमांत अशा भयगृहांचा विशेष विचार झाला. वाट हेतुपुरस्सर चुकवणारी इमारत ही निराळ्या जातीची इमारत आहे, हे तत्त्व त्यांत मान्य झालेले आहे. अशा घरात पाण्याच्या तोट्या हव्यात आणि धूर टिपणारी यंत्रणा हवी. त्या यंत्रणेने इशारा देताच बाहेर जाण्याची वाट उजळली पाहिजे आणि गोंधळात टाकणारे सारे आवाज तत्काळ थांबले पाहिजेत. म्हणजे संकटसमयी त्या घराने आपण होऊन आपले सोंग उतरवावे.

नियम झाले म्हणजे सर्व झाले, असे मात्र नाही. इंग्लंडमधील ‘आल्टन टॉवर्स’ उद्यानात २०१३ साली ‘स्माइलर’ नावाचा रोलर कोस्टर सुरू झाला. त्यात गाडी चौदा वेळा उलटी होते. एका रुळावर अनेक गाड्या धावत असल्याने रुळाचे भाग पाडलेले असतात आणि पुढचा भाग रिकामा झाल्यावाचून मागची गाडी सोडली जात नाही. आपल्या रेल्वेच्या सिग्नलसारखीच ही व्यवस्था. २ जून २०१५ रोजी एक रिकामी गाडी वाटेत अडकली होती. संगणकाने ते ओळखले आणि सोळा प्रवाशांनी भरलेली मागची गाडी अडवून धरली. पण अभियंत्यांना वाटले की संगणकच चुकतो आहे. त्यांनी त्याची आज्ञा बाजूला सारून गाडी सोडली. टक्कर झाली, अनेक जण जखमी झाले, दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. पुढल्या वर्षी न्यायालयाने चालक कंपनीस ५० लक्ष पौंडांचा दंड केला. यंत्र योग्य तेच सांगत होते. ते ऐकून घेण्याची शिस्त माणसांना लावून दिलेली नव्हती, हाच मुख्य ठपका होता.

आता भय हे हंगामी राहिलेले नाही. २२ मे २०२५ रोजी फ्लोरिडातील ऑर्लँडो येथे युनिव्हर्सलचे ‘एपिक युनिव्हर्स’ हे नवे उद्यान उघडले. त्याचा एक संपूर्ण भाग फ्रँकेन्स्टाइन आणि त्याच्या गोतावळ्याला वाहिलेला आहे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लास व्हेगासला बारा महिने चालणारे भयगृह सुरू झाले. जी भुते वर्षातून एकदा येत ती आता मुक्कामाला राहिली आहेत. त्यामुळे ती किती काळ भिववू शकतील, हे त्यांच्या मालकांनी पाहावे.

प्रेक्षकाने पाहण्यासारखी गोष्ट निराळी आहे, आणि ती त्याला सहसा दिसत नाही. जुन्या लाकडी रोलर कोस्टरचे रूळ सकाळी, उद्यानाचे दरवाजे उघडण्यापूर्वी, कारागीर पायी चालून तपासतात. हातात हातोडी आणि पाना घेऊन फळी न् फळी, खिळा न् खिळा पाहत ते त्या उंच चढावर जातात. मग रिकामी गाडी फिरवून आणतात. ती नीट परत आली, तरच रांगेतल्या पहिल्या माणसापुढची साखळी काढली जाते.