दिंडीच्या कोठीतली ज्वारी
(शताब्दी मेळाव्यात केलेले भाषण)



शंभर वर्षं आपली दिंडी चालली ती टाळावर आणि भाकरीवर. टाळाविषयी महाराज मंडळी बोलली. आम्ही कोठी सांभाळणारी माणसं, भाकरीविषयी बोलतो.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण कीर्तनात ऐकत आलो. दुष्काळात त्यांनी बिदरच्या बादशहाची कोठारं उपाशी रयतेला खुली केली. पण माउली, कोठारात धान्य होतं म्हणून वाटता आलं! मंगळवेढ्याची जमीन काळी, खोल. तिथल्या ज्वारीला आज भौगोलिक मानांकन आहे. आपली मालदांडीही त्याच तऱ्हेची. परतीच्या पावसावर पेरायची, मग जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीवर ती हुरड्यात येते. एखादं पाणी मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तरी काहीतरी पदरात पडतं. दाणा माणसाला, कडबा बैलाला, दोन्ही एकाच ताटाचं.

ऊस बारा ते अठरा महिने रानात उभा आणि सारखा पाणी मागतो. भीमेवर उजनी झालं तसा तो वाढत गेला. म्हणून ऊसवाल्याला आम्ही नावं ठेवणार नाही. उसाला कायद्यानं ठरलेला दर आहे. ज्वारीचा हमीभाव जाहीर होतो, पण बाजारात तो हाती पडेलच असं नाही. वर काढणीला माणूस मिळत नाही. उपटून उपटून हाताला फोड येतात, हे इथं बसलेल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे.

72 च्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो खाल्लेली माणसं अजून आपल्यात आहेत. संकरित बियाणं आलं, खत आलं, पोटं भरली. ते नाकारणं कृतघ्नपणा होईल. पण गरजेपेक्षा जास्त टाकलेला युरिया पिकाला लागत नाही. काही विहिरीत उतरतो, काही नायट्रस ऑक्साइड वायू होऊन वर जातो. वजनाला वजन धरलं तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट उष्णता वाढवतो. तापलेल्या हवेनं पाऊस बिघडतो. ऐन पेरणीत धो धो कोसळतो, रानाला वाफसा येत नाही, मग पुढं ओढ. म्हणजे फिरून मार आपल्याच शेताला.

म्हणून आमचं मागणं आहे. कोठीत आज बाजारचा गहू-तांदूळ येतो. पुढच्या आषाढीला निम्म्या पंगती भाकरीच्या व्हाव्यात. ज्वारी दिंडीतल्याच शेतकऱ्यांची घ्यावी आणि दर पेरणीआधी ठरवावा, कापणीनंतर नव्हे. भाव पडले तरी ठरलेलाच दर द्यायचा. थोडं महाग पडेल, भिशीची वर्गणी वाढेल. भाकऱ्या थापायला हातही जास्त लागतील, आणि ते दरवेळी आयाबायांचेच का? टाळकऱ्यांनीही चुलीपुढं बसावं.

ज्यांची एकरभर तरी पेरायची तयारी आहे, त्यांनी पोळ्याच्या आत कोठीवर नाव द्यावं. किती पोती लागतात त्याची वही आमच्यापाशी आहे, कुणीही येऊन बघावी.