मधली शाळा, पण पहिलीपासून

सन्माननीय अध्यक्ष, मुख्याध्यापक, शिक्षक, पालक आणि तंजावरहून पहाटेच निघालेली मराठी मंडळी, चेन्नईतल्या एग्मोरमध्ये स्वागत समितीतर्फे सर्वांचे मनःपूर्वक स्वागत! तमिळ माणूस या भागाला एळुंबूर म्हणतो. तंजावरच्या गाड्या इथल्याच स्थानकातून सुटतात, तेव्हा इथला फलाट मराठी माणसाला परका नाही. फिल्टर कॉफीची सोय केलेली आहे, मात्र पहिल्या सत्रानंतर.

स्वागताध्यक्षाने गावाचे गुणगान करावे अशी रीत आहे. एग्मोरकडे त्यासाठी वस्तुसंग्रहालय आहे, 1896 सालचे कन्नेमरा ग्रंथालय आहे. पहिली ते आठवी एकाच शाळेत असावी का, या परिषदेच्या विषयाला धरून बोलायचे तर मात्र सरकारी शाळांच्या पाट्या वाचाव्यात. ‘नडुनिलैप्पळ्ळी’ म्हणजे शब्दशः मधली शाळा, पण तिचे वर्ग पहिली ते आठवी!

महाराष्ट्रात चौथीपर्यंतच्या शाळेतले मूल दहाव्या वर्षी हायस्कुलाच्या पाचवीत जाऊन बसते. सातवीपर्यंतची शाळा असेल, तर ही ताटातूट आठवीवर जाते. 2010 पासून लागू असलेला शिक्षणहक्क कायदा पहिली ते आठवी हे एकच प्राथमिक शिक्षण मानतो. अनेक गावांतली इमारत अजून चौथीलाच संपते. केंद्राच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा 1 किलोमीटरच्या आत हवी, पुढची 3 किलोमीटरपर्यंत चालते. ते वाढीव अंतर कापायचे कुणी? नेमके वयात येणाऱ्या मुलीने.

अमेरिकेत 1909 मध्ये ओहायोतल्या कोलंबस शहरात या वयासाठी वेगळी ‘ज्युनियर हायस्कूल’ निघाली आणि ती पद्धत देशभर पसरली. पुढे रॉबर्टा सिमन्स आणि डेल ब्लिथ यांनी मिलवॉकीतली मुले अभ्यासली. 1987 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की सातवीला शाळा बदललेल्या मुलींचा आत्मविश्वास ढासळला. आठवीपर्यंत एकाच शाळेत राहिलेल्या मुलींचा तसा ढासळला नाही. 2010 मध्ये जोना रॉकॉफ आणि बेंजामिन लॉकवूड यांना न्यूयॉर्कमध्ये शाळा बदललेल्यांची गुणांतही घसरण दिसली.

कारण समजायला संशोधक असावे लागत नाही. आठवीतली ताई शाळेत सगळ्यांत मोठी असते. धाकट्याचे दप्तर तिच्याच खांद्यावर असते. पहिलीपासून तिला ओळखणाऱ्या बाईंना तिचे गप्प बसणे उद्धटपणा वाटत नाही. तीच मुलगी हायस्कुलात गेली की सगळ्यांत लहान, शिवाय अनोळखी.

आता दुसरी बाजूही याच मांडवात ऐकली पाहिजे. लहानशा एकत्र शाळेत प्रयोगशाळा म्हणजे बहुधा एक कपाट, आणि गणिताचे गुरुजीच इतिहास शिकवतात. एक छप्पर असले म्हणजे सगळे समान होते, असेही नाही. तमिळनाडू सरकारची सकाळच्या न्याहारीची योजना 15 सप्टेंबर 2022 रोजी मदुराईत सुरू झाली, ती पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी. म्हणजे त्याच शाळेतला धाकटा पोंगल खाणार आणि सहावीतली बहीण पाहत उभी राहणार.

पहिल्या सत्राची सुरुवात या सहावीतल्या बहिणीपासूनच व्हावी, अशी स्वागत समितीची अध्यक्षांना विनंती आहे. वक्त्यांनी कृपया व्यासपीठावर यावे.