स्वस्त खोली आणि महागडे शहर



आम्ही बँकेत काम करणारी माणसे. घराचे कर्ज, तारण, हप्ता हे आमच्या टेबलावरचे रोजचे शब्द. म्हणूनच बदलत्या शहरांविषयी चार गोष्टी आपल्यापुढे मांडत आहोत.

कष्टकऱ्यांची एखादी वस्ती पैसेवाल्यांच्या नजरेत भरते. तेथे टॉवर उभे राहतात, महागडी दुकाने येतात, भाडी वाढतात आणि मूळ रहिवासी हळूहळू बाहेर फेकला जातो. समाजशास्त्रात या प्रक्रियेला 'जेन्ट्रिफिकेशन' म्हणतात. १९६४ साली रूथ ग्लास या विदुषीने लंडनच्या कामगार वस्त्यांविषयी लिहिताना हा शब्द योजला. आपण त्याला वस्तीचे उच्चभ्रूकरण म्हणू. येथे बुलडोझर यावाच लागतो असे नाही. बाजारभावच माणसाला उठवतो.

याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण म्हणजे मुंबईचे गिरणगाव. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली. पुढे परळ, लालबाग, वरळी, भायखळा हा सारा भाग भोंग्याच्या तालावर जगू लागला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, नारायण सुर्वे यांची वाणी याच कष्टकरी मुंबईत घडली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्याच नाहीत. कापडापेक्षा गिरणीखालची जमीन मोलाची ठरली.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीच्या जमिनीचा एक वाटा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक म्हाडाच्या घरांसाठी आणि एक मालकाला, असे त्याचे ढोबळ स्वरूप होते. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या रिकाम्या जमिनीपुरती उरली. साहजिकच शहराच्या व कामगारांच्या वाट्याला तुकडे आले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम ठेवली. फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल आहे. नियमातील एक शब्द बदलला की पिढ्यांचे भवितव्य कसे बदलते, हे विद्यार्थ्यांनी येथे नीट पाहावे.

मग जुन्या चाळी होत्या तशाच राहाव्यात काय? मुळीच नाही. बी.डी.डी. चाळीतील खोली १६० चौरस फुटांची. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे अशा २०७ इमारती १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. सामाईक संडासासमोर रांगेत उभे राहण्यात कसलाही गौरव नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, याचा आनंदच मानला पाहिजे. प्रश्न पुढचा आहे. मिळालेले घर टिकणार काय?

समजा, महिन्याला देखभाल खर्च ३,००० रुपये आला. वर्षाचे ३६,००० झाले. ज्या घरात एकच मिळवता, तोही कंत्राटी, तेथे दोन वर्षांत थकबाकी साचते. मग दलाल दारात येतो आणि एकरकमी आकडा सांगतो. त्या आकड्यात त्याच वस्तीत पुन्हा घर मिळत नाही. कुटुंब बदलापूर, विरारला जाते आणि रोजचे तीन-चार तास लोकलमध्ये जातात.

यात आणखी एक नुकसान आहे, ते कोणत्याही हिशेबवहीत दिसत नाही. स्वस्त खोली ही गरिबासाठी शहराची पहिली पायरी असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या बी.आय.टी. चाळीत दीर्घकाळ राहिले. आपल्या विहितगावचे बाबुराव बागूल लहानपणी माटुंगा लेबर कॅम्पात गेले आणि तेथून मराठी साहित्याला एक मोठा लेखक मिळाला. ती पायरीच काढून घेतली, तर आपल्या तालुक्यातून शिकायला निघालेल्या मुलाने उतरायचे कोठे?

१९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना जातीमुळे राहायला जागा मिळाली नाही. बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथाही भाड्याच्या खोलीशी येऊन भिडते. जुनी भिंत जातीची होती. नवी भिंत किमतीची आहे. ती जात विचारत नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हाती जमीन आणि भांडवल येऊ दिले नाही, ते नेमके तिच्या बाहेरच राहतात.

मुंबईची ही गोष्ट नाशिकची नाही, असे समजू नये. १९८२ साली येथे महानगरपालिका झाली. सातपूर, अंबडच्या कारखान्यांनी शहर वाढवले. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपुढचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. रस्ता आला की पाठोपाठ भाव येतो. गावठाणातील, नाशिकरोडच्या आणि गोदाकाठच्या जुन्या वस्त्यांनी आजच सावध व्हावे.

म्हणून काही सूचना कराव्याशा वाटतात. घराची कागदपत्रे, घरपट्टी व वीजबिले एकत्र ठेवा. वडील वारले असतील तर वारसांची नावे वेळेत लावून घ्या. पुनर्विकासाच्या कोऱ्या कागदावर सही करू नका. चटईक्षेत्र, पर्यायी भाडे आणि देखभालीसाठीचा कायम निधी आकड्यांत लिहून घेऊन करार नोंदवा. एकेकट्याने बोलणी न करता सहकारी संस्था करून बोला. विहार, अभ्यासिका आणि बालवाडीची जागा नकाशातच दाखवून घ्या. नंतर ती मिळत नाही. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की ठराविक मुदतीत हरकती घेता येतात. ती मुदत वाया जाऊ देऊ नका.

विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे. डॉक्टर, इंजिनिअर जरूर व्हा. पण आपल्यातून कोणी नगररचना शिकावी, कोणी जमिनीचा कायदा शिकावा. नकाशा वाचता येणारा एक जरी तरुण वस्तीत असला, तरी त्या वस्तीला फसवणे कठीण जाते.

जयभीम!