बालवयातील गणित आणि हिशोबनिसाची घडण

(मोहने येथे भरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या सभेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



‘हिशोबनिसाच्या व्यवसायाची पूर्वतयारी’ या विषयावर मी बोलावे अशी सूचना आली, तेव्हा माझ्या मनात प्रथम एक शंका उद्भवली. आपण सारे प्राथमिक वर्गांना शिकवणारे. आपल्यासमोर बसणारे मूल सात-आठ वर्षांचे. त्याला व्यवसायाची चिंता आतापासून कशाला? परंतु विचार करता माझी अशी खात्री झाली की, या विषयाचा सर्वांत निकटचा संबंध आपल्याशीच आहे. हिशोबनिसाला पदवी महाविद्यालयात मिळते. त्याची घडण तिसरी-चौथीत होते. आणि ज्याला पुढे हिशोबनीस व्हावयाचे नाही, त्यालाही आपल्या हक्काचा हिशोब स्वतः तपासता यावा, एवढी शिदोरी त्याच वर्गांतून मिळावयास हवी.

आज आपण उल्हास नदीच्या काठच्या ज्या मोहने गावी जमलो आहोत, ते या गोष्टीचे मोठे उदाहरण आहे. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत असलेल्या या गावाला ओळख दिली ती नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘एन.आर.सी.’च्या कारखान्याने. कारखान्याबरोबर कामगारांची वसाहत वसली, बाजार वाढला, शाळा भरल्या. २००९ साली कारखाना बंद पडला आणि कामगारांच्या देण्यांचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे चर्चेत राहिला. या परिसरातील कित्येक घरांत ‘ग्रॅच्युइटी’ हा शब्द मुलांनी पाढ्यांच्या आधी ऐकला असेल.

ग्रॅच्युइटीचे गणित तरी काय आहे? १९७२ च्या अधिनियमाने घालून दिलेली रीत सोपी आहे. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरावयाचे, शेवटच्या मासिक वेतनास २६ ने भागावयाचे, आलेल्या एका दिवसाच्या वेतनास १५ ने गुणावयाचे आणि त्यास नोकरीच्या वर्षांनी गुणावयाचे. समजा, मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये आणि नोकरी २४ वर्षे. १३,००० भागिले २६ म्हणजे ५००. पंधरा दिवसांचे ७,५००. चोवीस वर्षांचे १,८०,००० रुपये. यात भागाकार एक आणि गुणाकार दोन. आपल्या पाचवीच्या विद्यार्थ्यास, रीत समजावून दिली तर, हे करता येते. ज्या आजोबांनी आयुष्यभर यंत्रापुढे घाम गाळला, त्यांच्या हाती पडलेल्या कागदावरील आकडा बरोबर आहे की नाही, हे त्यांचा नातू सांगू शकेल काय? आपल्या अध्यापनाची खरी परीक्षा येथे आहे, असे मी मानतो.

हा विचार नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे सांगताना मोडी व बालबोध वाचन-लेखनाच्या जोडीला हिशोबाला स्थान दिले होते. त्याचे कारण उघड आहे. हिशोबाची विद्या आपल्या महाराष्ट्रात जुनी. फडणीस, मुजुमदार, पोतनीस, जमेनीस ही आडनावेच तिची साक्ष देतात. इ. स. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त त्रैराशिक, व्याज आणि भागीदारीतील वाटणी यांची उदाहरणे घातली. परंतु ही विद्या थोड्या घरांपुरती राहिली. बाकीच्या गावाने वहीत काय लिहिले आहे ते न कळता अंगठा उमटवावा, अशी शतकानुशतके स्थिती होती. ज्याला आकडा वाचता येत नाही, तो आपला शेतसारा, आपले कर्ज आणि आपली मजुरी दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावर सोपवतो. ही पराधीनता नाहीशी करण्याचे काम सरकारी शाळेवर येऊन पडले आणि ते अद्याप पुरे झालेले नाही.

आता पूर्वतयारी म्हणजे नेमके काय, ते पाहू. माझ्या मते तिची अंगे चार आहेत.

पहिले अंग स्थानिक किमतीचे. ज्या मुलास ५०७ आणि ५७० यांतील भेद डोळ्यांपुढे उभा राहत नाही, त्याला पुढे कोणतीही वही लिहिता यावयाची नाही. काड्यांचे जुडगे, खोट्या नोटा, मणी यांनी हा पाया तिसरीपर्यंत पक्का करावा. घाईने पुढे जाऊ नये.

दुसरे अंग अपूर्णांकाचे. आपल्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी मुखोद्गत केली होती. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि सोळा आण्यांबरोबर या पाढ्यांची गरजही कमी झाली. ते परत आणा, असे मी म्हणत नाही. परंतु त्यांच्यामुळे भागांचे मूल्य मुलाच्या जिभेवर व बोटांवर येत असे, तो लाभ आपण गमावू नये. आज त्यांच्या जागी शेकडेवारी आहे. २५० रुपयांच्या मालावर १८ टक्के कर किती? दहा टक्के म्हणजे २५, आठ टक्के म्हणजे २०, मिळून ४५. हे तोंडी यावे.

तिसरे अंग अंदाजाचे. उत्तर काढण्यापूर्वी ते साधारण किती येईल, हे मुलास विचारावे. ३९ गुणिले २१ हे आठशेच्या आसपास असले पाहिजे, हे ज्याला आधी सुचले, तो ८१९ च्या जागी ८,१९० लिहून स्वस्थ बसणार नाही. आज बेरीज यंत्र करते हे खरे. पण यंत्रात आकडा चुकीचा घातला गेला तर उत्तरही चुकीचेच येते, आणि ते हेरण्यास माणसाचा अंदाजच लागतो.

चौथे अंग पडताळ्याचे. येथे मी माझीच एक चूक आपणांस सांगतो. १९९५ साली शाळांतून विद्यार्थ्यांना दरमहा तीन किलो तांदूळ देण्याची योजना सुरू झाली. त्यानंतरच्या काळातील ही गोष्ट. मी तरुण शिक्षक होतो आणि धान्याची नोंदवही माझ्याकडे होती. महिनाअखेरीस पोती तोलली, तेव्हा वहीतल्या शिलकेपेक्षा तांदूळ २७ किलो कमी भरला. खोलीची किल्ली शाळेची झाडलोट करणाऱ्या एका गरीब बाईंकडे असे. मी तोंडाने काही बोललो नाही. पण माझ्या मनात संशय आला, आणि दोन दिवस मी त्यांच्याशी सरळ बोललोही नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या वृद्ध मुख्याध्यापकांनी मला विचारले, “फरक किती?” मी म्हणालो, “सत्तावीस.” ते म्हणाले, “सत्तावीसला नवाने भाग जातो ना? मग गुरुजी, आधी वही तपासा, माणूस नंतर.” मी वही उघडली. २१ मुलांना तीन-तीन किलोप्रमाणे ६३ किलो वाटप झाले होते, आणि मी लिहिले होते ३६.

दोन शेजारचे अंक उलटसुलट लिहिले गेले की पडणाऱ्या फरकास नवाने नेहमी निःशेष भाग जातो. हिशोबनिसांच्या पेढीत हे प्रत्येक उमेदवारास शिकवतात. आणखी एक लक्षात घ्या: आपण शाळेत जो नवाचा ताळा शिकवतो, तो ही चूक पकडू शकत नाही, कारण ६३ आणि ३६ या दोहोंच्या अंकांची बेरीज नऊच. म्हणून पडताळा एकाच रीतीने घेऊ नये. मी २१ गुणिले ३ एवढे मनाशी केले असते, तरी एका निरपराध बाईंविषयी माझे मन कलुषित झाले नसते. त्या दिवसापासून मी समजलो की, हिशोबात चूक झाली तर ती आकड्यापाशी थांबत नाही; ती कोणाच्या तरी अब्रूपर्यंत जाते.

या चार अंगांच्या अभ्यासासाठी वेगळा तास नको, वेगळे साहित्यही नको. शाळेतील मध्यान्ह भोजनाचाच हिशोब घ्या. पहिली ते पाचवीच्या मुलास दररोज १०० ग्रॅम तांदूळ, हे प्रमाण आपणां सर्वांस पाठ आहे. आज उपस्थिती ४७ असेल, तर ४ किलो ७०० ग्रॅम. हे फळ्यावर रोज एका मुलाने किंवा मुलीने मांडावे, दुसऱ्याने तपासावे. चौथी-पाचवीच्या मुलांकडून वर्गाची एक रोजकीर्द लिहून घ्यावी. डाव्या बाजूस आले काय व कोठून, उजव्या बाजूस गेले काय व कोठे; दिवसाच्या शेवटी शिल्लक मोजावी आणि वहीशी मेळ घालावा. खडू, वह्या, परसबागेतील भाजी, काहीही चालेल. इटलीतील लुका पाचोली या गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात द्विनोंदी पद्धतीचे वर्णन केले. तिचे बीजही हेच आहे की, प्रत्येक देण्याच्या समोर कोणाचे तरी घेणे उभे असते. पाचवीच्या मुलास ‘द्विनोंदी’ हा शब्द सांगण्याची गरज नाही. पण ही समजूत त्याला येऊ शकते.

एक नियम मात्र कटाक्षाने पाळावा. रोजकीर्दीत खोडरबर वापरू द्यावयाचे नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारावी, जुना आकडा वाचता यावा, शेजारी बरोबर आकडा लिहावा व आपली सही करावी. चूक लपवावयाची नसते, दुरुस्त करावयाची असते, हा संस्कार नीतिपाठाच्या तासापेक्षा या वहीने अधिक होईल.

पुढील मार्गाविषयी पालक आपणांस विचारतात, म्हणून थोडे सांगतो. ‘वाणिज्य शाखा घेतली की गणितातून सुटका’ अशी समजूत पुष्कळ घरांत आहे. अकरावी-बारावीला त्या शाखेत गणित ऐच्छिक असते, त्यावरून ती पसरली. वस्तुतः सनदी लेखापाल, ज्याला सर्वत्र ‘सी.ए.’ म्हणतात, त्याच्या प्रवेश पातळीवरील परीक्षेच्या चार प्रश्नपत्रिकांपैकी एक गणित, तर्क व संख्याशास्त्राची असते. या व्यवसायाची संस्था १९४९ च्या अधिनियमाने स्थापन झाली. परीक्षांच्या जोडीला प्रत्यक्ष कामाची उमेदवारी तेथे सक्तीची असते. परिव्यय लेखापालाचा दुसरा मार्ग आहे. आणि इतकी मोठी मजल न मारताही, १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर लहान दुकानदारासही नीट वही ठेवणाऱ्या माणसाची गरज पडू लागली आहे. आंबिवली किंवा शहाड स्थानकावरून रोज मुंबईकडे जाणाऱ्यांत लेखा विभागांत काम करणारे असतात; त्यांच्यापैकी एखाद्यास वर्षातून एकदा आपल्या शाळेत बोलवावे आणि त्याचे काम मुलांना त्याच्याच तोंडून ऐकवावे.

शेवटी एक विनंती करतो आणि माझे भाषण संपवतो. वर्गभेटीच्या वेळी मी एक वाक्य वारंवार ऐकतो: “याला गणित यावयाचे नाही.” मुलीविषयी तर ते अधिक सहजपणे उच्चारले जाते. मूल ते ऐकते, खरे मानते, आणि पुढे दहा वर्षांनी सनदी लेखापालाच्या परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वीच मागे फिरते. ते दार आपण तिसरीतच लावून घेतलेले असते. तेव्हा ते वाक्य आपल्या शाळेतून हद्दपार करावे. त्याऐवजी मुलाची वही जवळ घ्यावी आणि त्याची पायरी नेमकी कोठे चुकली, हे त्याच्याबरोबर शोधावे.

पुढील महिन्यात मी आपल्या शाळांना भेटी देईन, तेव्हा निकालपत्रक मागाहून पाहीन. प्रथम मुलांनी लिहिलेली रोजकीर्द पाहावयास मागेन. तीत रेघ मारून दुरुस्त केलेले आकडे आढळले, तर मला समाधानच वाटेल.